दोन्ही गुडघे एकदम बदलले, आता टेकायला पाय कुठला?

पत्र थोडक्यात असं: ताई ६६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, राहणार सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. १८ दिवसांपूर्वी पुण्यात दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले, सध्या मुलाच्या फ्लॅटवर आहेत, मिस्टर गावी एकटे. डायबेटिस आहे, गोळ्या चालू. उजवा गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकतो, डावा ७० च्या पुढे जात नाही. शेजारच्या काकूंनी एक गुडघा केला होता, त्या १५व्या दिवशी काठी घेऊन खाली बागेत दिसल्या, ताईंना मात्र अजून कमोडवरून उठायला सुनेचा हात लागतो. पेनकिलरने किडनी जाते म्हणून अगदीच सहन झालं नाही तरच गोळी घेतात. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की जरा बरं वाटतं, नाहीतर झोप नाही. फिजिओ आला की पोटात गोळा येतो. "करून घेतलं तेच चुकलं असं वाटतं, रात्री रडू येतं, सुनेला आंघोळ घालायला लागते याची लाज वाटते. थोडे दिवस व्यायाम बंद करून गावी जाऊ का? गौरीला पाच आठवडे राहिलेत आणि नैवेद्य मीच करणार असं सगळ्यांना सांगून बसलेय."

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि दुपारचं जेवण बाजूला ठेवून लगेच लिहायला बसले, कारण हे सगळं मी भोगलंय. मी डॉक्टर नाही, पण माझेही दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदललेत, त्याला आता साडेचार वर्षं झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात मी तुमच्यासारखीच "कुठून या फंदात पडले" म्हणत भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्यामुळे औषधाचं, डोसचं जे काही खाली लिहीन ते तुमच्या सर्जनला विचारल्याशिवाय करायचं नाही, बाकीचं मात्र अनुभवाचं आहे.

सगळ्यात आधी त्या शेजारच्या काकूंचं बघू, कारण मला वाटतं निम्मं दुखणं तिथं आहे. त्यांनी एक गुडघा केला. म्हणजे त्यांच्याकडे एक चांगला पाय होता, दुखरा असेल पण कापलेला नव्हता. उठताना सगळा भार त्या पायावर, कमोडवर बसताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा आणि दुसऱ्यावर बसायचं, जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली. हॉस्पिटलमध्ये जे सगळं शिकवतात ते या एका चांगल्या पायाच्या भरवशावर. तुमच्याकडे तो पायच नाहीये हो! दोन्ही मांड्यांचे स्नायू ऑपरेशननंतर एकदम ढिले पडलेत, सूज असली की मांडीचा स्नायू मेंदूचं ऐकतच नाही, तुम्ही मनानं कितीही खंबीर असा. म्हणून त्यांचा १५वा दिवस आणि तुमचा १५वा दिवस एकमेकांशेजारी ठेवूच नका. वाजपेयींचं आठवतंय ना, पंतप्रधान असताना मुंबईत ब्रीच कँडीला त्यांचे गुडघे बदलले, तर डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये, मध्ये आठ महिने. तुम्ही तेच एका दिवसात करून घेतलंत. त्याचे फायदे आहेत, भूल एकदाच, हॉस्पिटल एकदाच, आणि पुन्हा दुसऱ्यासाठी धीर गोळा करावा लागत नाही, पण पहिले सहा आठवडे दुपटीनं जड जातात.

आता कमोडवरून उठायचं. मी तेव्हा बहिणीकडे होते. १६वी की १७वी रात्र, तीनच्या सुमारास बाथरूमला जायचं होतं आणि बहिणीला उठवायचं नव्हतं, दिवसभर बिचारी उभीच असायची. पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही पावलं फरशीवर, समोर वॉकर, आणि उठताच येईना. आयुष्यभराची सवय एक पाय पुढे घेऊन दुसऱ्यावर जोर द्यायची, शरीर तोच दुसरा पाय शोधत होतं. शेवटी वॉकर दोन्ही हातांनी धरून स्वतःला ओढलं, तर वॉकरच माझ्याकडे कलंडला आणि मी परत गादीवर. दहा मिनिटं तशीच बसून होते, घड्याळाचा आवाज ऐकत. बहीण जागी झाली ती माझ्या रडण्यानं, म्हणजे उठवायचं नव्हतं तिला, आणि उठली ती घाबरूनच.

दुसऱ्या दिवशी फिजिओनी नीट शिकवलं ते तुम्हालाही सांगते. वॉकर धरून उठायचं नाही, कधीच नाही. खुर्चीच्या किंवा कमोड खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे ठेवायचे, बूड पुढे कडेपर्यंत सरकवायचं, पावलं जेवढी मागे येतील तेवढी घ्यायची, मग कमरेतून पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे, आणि मग हातांनी ढकलत वर. उभं राहिल्यावर मग एक एक हात वॉकरवर. बसताना उलटं, पाठीमागे खुर्ची पायाला लागल्याशिवाय बसायचं नाही आणि हात आधी खुर्चीवर. बघा, इथं पायाचं काम दोन्ही हात करतात. म्हणून बिनहाताची प्लास्टिकची खुर्ची नको, खोल सोफा तर अजिबात नको, त्यात बसलं की उठवायला दोन माणसं लागतात. खुर्चीवर एखादी घट्ट उशी टाकून उंची वाढवा, पलंग बुटका असेल तर मुलाला सांगा पायांखाली लाकडी ठोकळे घालायला, पण हलणार नाहीत असे. कमोडवर उंची वाढवायची प्लास्टिकची सीट मेडिकलच्या दुकानात मिळते, नाहीतर हात असलेली कमोड खुर्ची भाड्यानंही मिळते. नुसती चार इंच उंची वाढली की सुनेचा हात निम्म्या वेळा लागणारच नाही, बघा करून.

आता उशी. पत्रात तुम्ही ते सहज एका ओळीत लिहून गेलात, पण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. ताई, ती गुडघ्याखालची उशी आज रात्रीपासून काढा. गुडघा जरा वाकवून ठेवला की बरं वाटतं हे खरं आहे, सुजलेला गुडघा स्वतःच तसा राहायला बघतो, पण रात्रीचे सात-आठ तास तो वाकलेलाच राहिला तर मग सरळ होत नाही. आणि आपण सगळे वाकण्याच्या मागे असतो, किती अंश झाले, किती अंश झाले, पण सरळ होणं तेवढंच महत्त्वाचं आहे, कितीतरी वेळा जास्तच. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहिलं तरी मांडीला सतत काम, चाललं की लगेच थकवा, लंगडणं. एक गुडघा असा राहिला तर माणूस निभावतो, दोन्ही राहिले तर कायम अर्धवट खुर्चीत बसल्यासारखं चालणं होतं. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहील, स्वतःच्या वजनानं खाली दबेल, पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहा मिनिटांपर्यंत न्या, दिवसातून चार-पाच वेळा. त्यातच मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. ताण जाणवेल, पोटरीत ओढ बसेल, ते चालतं.

वाकण्याचं सांगू? ८५ आणि ७० ऐकून मला काही धक्का बसला नाही. साधं सपाटीवर चालायला ६५-७० अंश पुरतात, जिन्याला आणि खुर्चीतून नीट उठायला ९० च्या आसपास किंवा थोडं वर लागतं. म्हणजे तुम्ही उंबरठ्याशी आहात. दोघांत एक गुडघा मागे राहतोच, माझा उजवा राहिला होता, आणि जो मागे आहे त्याला आपण नकळत लाडानं जपतो, सगळं दुसऱ्यावर ढकलतो, आणि तो अजून मागे पडतो. तेवढं लक्षात ठेवा, डाव्याला दोन वेळा जास्त करा. पण व्यायाम बंद नको. जखम आतून भरते आहे आणि आत जे नवीन तयार होतंय ते पहिल्या काही आठवड्यांत मऊ असतं, नंतर चिवट होत जातं. सहा ते बारा आठवड्यांच्या सुमारासही ९० च्या आत अडकलं असेल तर सर्जन कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवून देतात, तोही मार्ग असतो, पण तो टाळलेला बरा.

मग फिजिओ आला की पोटात गोळा येतो त्याचं काय? इथं मला तुमची बाजू घ्यायची आहे. व्यायामाची कळ असते, डोळ्यात पाणी येतं, पण ती तासाभरात उतरायला हवी. रात्रभर ठणका आणि सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त, असं होत असेल तर डोस जास्त झालाय आणि हे त्याला तोंडानं सांगायचं. तुम्ही शिक्षिका, वर्गात चाळीस पोरांना गप्प केलंय, या एका मुलाला "आज एवढंच" सांगायला कसली भीड? व्यायाम बंद करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे पाच तुकडे करा. आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तुमचा मुलगा जोरानं गुडघा दाबत असेल तर त्याला प्रेमानं थांबवा.

आणि हे सगळं गोळीशिवाय होणारच नाही. किडनीची भीती खोटी नाही, ठरावीक प्रकारच्या पेनकिलर डायबेटिस आणि बीपीवाल्यांना जपूनच देतात, पण सगळ्या वेदनाशामक गोळ्या एकाच जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल वेगळं, सूज उतरवणाऱ्या गोळ्या वेगळ्या, ट्रामाडॉलसारखी कडक गोळी आणखी वेगळी. डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा, मला डायबेटिस आहे, माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तातली तपासणी, किती होतं, यातली कुठली गोळी मी नेमानं घेऊ? सहन होईनासं झाल्यावर घेतलेली गोळी चढलेल्या कळेच्या मागे धावत बसते, वेळेवर घेतलेली कळ चढूच देत नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ती पोटात असावी. स्वतःच्या मनानं दुकानातून जादा आणू मात्र नका, दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत पॅरासिटामॉलच असतं आणि डबल होतं. आणि रक्त पातळ ठेवायची जी गोळी किंवा पोटावरचं इंजेक्शन लिहून दिलंय ते पेनकिलर नाही, ते एकही दिवस स्वतःहून बंद करायचं नाही. कडक गोळीनं पोट साफ होत नाही, त्याचं इसबगोल, पाणी, पपई आधीपासूनच चालू ठेवा, कमोडवर कुंथत बसणं या दिवसांत फार त्रासाचं.

सुजेला हृदयापेक्षा पाय वर हा पहिला उपाय. गादीवर आडवं व्हायचं, पूर्ण पायाखाली टाचेकडे उंच होत जाणारा उशांचा उतार करायचा, गुडघा सरळ, आणि पावलं खाली-वर, खाली-वर, दर तासाला २०-२५ वेळा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. खुर्चीत पाय खाली सोडून दिवसभर बसणं याच्या अगदी उलट काम करतं, आणि एका दमात खूप चालणंही. हॉलमध्ये पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, पुरे. पोटरीपर्यंत, घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं असेल तर घाबरू नका, रक्त खाली ओघळतं. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधीर लागतं, गुडघा कोमट लागतो, चालताना टक् टक् वाजतं, हे महिनोन् महिने चालतं. गावाकडून कुणी तेल घेऊन मालिश करायला आलंच तर पोटरीला हात लावू देऊ नका, जखमेवर हळद-बिळद काही नाही, शेक तर नाहीच.

मालिशीचं एवढं सांगते त्याला कारण पोटरीतली गुठळी. एक गुडघा केलेल्याला दुसरा पाय बघून कळतं की सूज जास्त आहे, आपल्याला तुलना करायला साधा पायच नाही, दोन्ही सुजलेले. म्हणून मी बहिणीची शिवणकामाची टेप घेतली होती. रोज सकाळी उठायच्या आधी दोन्ही पोटऱ्यांचा घेर, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून, त्याच जागी, वहीत लिहायचा. एक पोटरी अचानक वाढली, कडक झाली, दाबली की कळ येते, तर त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली, छातीत दुखलं तर फोनबिन काही नाही, थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. टाक्यांतून पाणी किंवा पू, ताप, लाली पसरत चाललीय, तरीही लगेच, आणि साखर या दिवसांत घट्ट ताब्यात ठेवा, जखम तिच्यावर भरते. अजून एक विचारून घ्या, हिमोग्लोबिन. दोन्ही एकदम केले की रक्त जास्त जातं, आणि उभं राहिल्यावर चक्कर, जिना न चढताच दम, कशातच मन न लागणं, यातलं थोडं त्याचंही असू शकतं. माझं तपासलं तेव्हा ८.४ निघालं होतं आणि मी सगळा दोष मनाला देत बसले होते.

मनाचं मात्र आहेच. झोप मोडते, रात्री तीनला सगळं काळं दिसतं, हा तिसरा-चौथा आठवडा जवळजवळ सगळ्यांचा असाच जातो, पाहुणे यायचे थांबलेले असतात आणि बरं वाटायला सुरुवात झालेली नसते. ऑपरेशन चुकलं की बरोबर हा हिशोब तीन महिन्यांनी करा, आता त्याला उत्तरच नाही. पण जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना, जगण्याचाच कंटाळा आला असं दिवसामागून दिवस झालं तर तेही डॉक्टरांना सांगायचं, ताप सांगतो तसं.

सुनेची लाज. तुम्ही तिचं काही वाईट लिहिलं नाहीत, तिनं एकदा तरी तोंड वाकडं केलं असंही नाही, लाज तुमच्या बाजूची आहे. तिला हे एकदा मोकळेपणानं सांगा, "मला संकोच वाटतो गं." आणि जमत असेल तर महिनाभर सकाळी दोन तास मावशी लावा, आंघोळ आणि कमोडचं तिच्याकडे, म्हणजे सून सून राहील. नाहीच परवडत तर बाथरूममध्ये हाताची खुर्ची, हातशॉवर, पाठीपुरती सूनबाई, बाकी तुम्ही. रात्री मात्र तिला उठवा. बेल ठेवा उशाशी. तुम्हाला दोन पाय परत मिळेपर्यंत टेकायला माणूस लागणार, आणि तुम्ही पडलात तर त्या पोरीचे सहा महिने जातील, तीन मिनिटांची झोप नव्हे.

गावी आता नको. सलग दोन-तीन तास गाडीत पाय खाली सोडून बसणं, तिथं पोचल्यावर उंच उंबरे, ओली मोरी, भारतीय संडास, आणि सांभाळायला एकटे मिस्टर. सहा आठवड्यांची तपासणी होऊ दे. तोवर मिस्टरांना आठ दिवस पुण्याला बोलवा, त्यांनाही तुम्हाला उठवायचं-बसवायचं शिकू दे, आणि घर कसं तयार करायचं ते त्यांना लिहून द्या, पायपुसणी आणि सतरंज्या उचलायच्या, मोरीत आणि संडासात भिंतीला पक्का दांडा, कमोड खुर्ची, पलंगाला ठोकळे, रात्रीचा दिवा. त्यांना वाटत असेल काय करू, काय करू, काम मिळेल हाताला. मग डॉक्टर हो म्हणाले की जा, आणि वाटेत तासाला गाडी थांबवून चार पावलं चाला.

म्हणजे गौरीला तुम्ही साधारण सात आठवड्यांवर असाल, बहुतेक काठीवर, गावी असाल किंवा पुण्यातच. ओट्याशी सलग चार तास उभं राहून सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या होणार नाहीत, हे आत्ताच सगळ्यांना सांगून टाका, ऐनवेळी नको. ओट्याजवळ हाताची उंच खुर्ची ठेवा, पायाखाली पाट घेऊन पाय लांब, आणि पुरण वाटणं, कणीक तिंबलेली बघणं, मीठ-गुळाचा अंदाज हे तुमच्याकडे, लाटणं सुनेकडे. दर अर्ध्या तासानं उठून हॉलमध्ये एक फेरी. आरतीला उभं राहायचं असेल तर वॉकर समोर घेऊन राहा, नैवेद्य दाखवायला खाली बसायचा मोह झाला तरी बसू नका, गौरी चौरंगाऐवजी टेबलावर मांडायला सांगा.

आणि आज रात्री आधी ती उशी काढा.